दोन खोल्यांत एक पलंग

मंगळवार, ४ जून

—आणि तिकडून सर्जन ओरडतोय. फोन हातभर लांब धरला तरी स्वच्छ ऐकू येतंय. "रक्तगट दिसत नाही! नुसतं चक्र फिरतंय!" मी म्हटलं, थांबा, बघतो. "थांबू? पेशंटला सांगू का, बाबा रे थांब म्हणून?" शेवटी थिएटरची सिस्टर जिन्याने खाली लॅबमध्ये धावली आणि हातावर पेनाने रक्तगट लिहून परत आली. ती वर पोचल्यावर पडद्यावर रिपोर्ट उघडला. ऐटीत!

माझा सर्व्हर शांत होता. मेमरीची ददात नाही, कुठे लाल रेघ नाही. म्हणून साडूला फोन लावला. नेटवर्क त्याच्याकडे.

"तार स्वच्छ आहे, साडूबुवा. तुमच्या हत्तीला विचारा."

मी ठेवायच्या आधी त्याने फोन ठेवला.

बुधवार, ५ जून

डोकं थंड व्हावं म्हणून मांडून बघतो.

हत्ती म्हणजे माझा मोठा सर्व्हर. हे नावही त्यानेच पाडलं. पूर्वी इस्पितळात दर कामाला वेगळं यंत्र होतं. लॅबचं एक, औषधांचं एक, एक्स-रेचं एक. सगळी खोकणारी. मी अधीक्षक बाईंच्या मागे लागून लागून ती घालवली आणि त्यांच्या जागी हा एकच आणला. एवढी मेमरी की सगळ्या इस्पितळाचा संसार आत मावावा. मावलाही. ती सगळी जुनी यंत्रं आता याच्या पोटात बिऱ्हाडं करून राहतात. खरं यंत्र एक, बाकी सगळी भासाची. पण प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचं. सगळ्यात मोठं बिऱ्हाड रिपोर्टांच्या डेटाबेसचं. त्याला मी सढळ हाताने दिलं. पाऊण हत्ती त्याचाच.

वॉर्डातला पडदा विचारतो, हत्ती उत्तर देतो. मधला रस्ता साडूचा. त्याची तार, त्या तारा जोडणारे त्याचे स्विच. त्या रस्त्यात वेळ जातो. सकाळी गर्दी वाढली की जातोच.

मी म्हणतो तार. तो म्हणतो हत्ती.

तो माझा साडू आहे हे मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने सांगितलं, मी रुजू झालो त्याच दिवशी, कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर. "माझ्या बायकोची धाकटी बहीण यांच्याकडे दिलीय." दिलीय! जशी काही दुरुस्तीला.

शुक्रवार, ७ जून

अधीक्षक बाईंनी दोघांना बोलावलं. उभंच ठेवलं.

त्यांचं म्हणणं असं — सर्व्हर एक विभाग, नेटवर्क एक विभाग, आणि मध्ये पेशंट लोंबकळतोय. यापुढे दोन्हींचा मिळून एकच विभाग. प्रमुखही एकच. दुसऱ्याने जुन्या इमारतीत जायचं, तिथल्या कागदांचं स्कॅनिंग बघायचं.

"एकोणीस तारखेच्या बैठकीत मला एवढंच सांगा, दोष कुणाच्या बाजूचा. ज्याच्या बाजूचा, तो जाईल."

बाहेर आल्यावर साडू म्हणाला, "जुनी इमारत हवेशीर आहे हो."

म्हणजे मला! मी पाहिलीय ती इमारत. तळघरात टेबल, खिडकी नाही, दिवसभर एक कागद उचला, एक ठेवा. आणि इथे माझ्या हत्तीवर साडूचा हात फिरणार. नाही. तसं व्हायचं असेल तर त्याआधी मी त्याला पोचवीन तिथे. त्याची चटई, त्याचा चहाचा कप, त्याचे विनोद, सगळ्यासकट.

शनिवार, ८ जून

साडूकडे जेवायला जावं लागलं. सासूबाई आल्यात.

तो वाढतो, पाणी देतो, हसतो. माझ्या मुलीला पत्त्यांची जादू दाखवतो. ती "काका, अजून एकदा" करते. मग ठरलेलं ते झालंच. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या लग्नात काय गोंधळ ना तो! झालं. गाडी बंद पडली, नवरदेव रस्त्यात, आणि हा कसा स्कूटर घेऊन आला, मला मागे कसं बसवलं, मी त्याची कंबर कशी घट्ट धरली होती — सगळं, साभिनय. माझी बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इतक्या वर्षांनी!

उपकार करणारा माणूस एकदाच करतो. सांगतो मात्र जन्मभर.

घरी येताना बायको म्हणाली, "भावजींना कशाला टाकून बोललात?" मी काही बोललो नव्हतो. "तेच म्हणते मी. एक शब्द नाही बोललात."

सोमवार, १० जून

पुन्हा सकाळी तेच. बालविभागात पडदा अडकला. मेट्रन खाली आली आणि माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांचे नातेवाईक आहात म्हणे. दिसतंच आहे." काय दिसतंय ते तिने सांगितलं नाही.

साडूच्या खोलीत गेलो. त्याचा मुख्य स्विच बघायचा होता, डोळ्यांनी. जुनाट आहे. कोपऱ्यातला एक दिवा फुटलेला, त्यावर चिकटपट्टी. पूर्ण इस्पितळाची गाडी याच्यावर चालते! नवा स्विच कधीचा येऊन पडलाय, खोक्यात. त्या खोक्याचा त्याने टीपॉय केलाय. वर चहाच्या कपांची वर्तुळं.

मी म्हटलं, हा बदलत का नाही?

"जुना चांगला चालतोय. चालत्या बैलाला पराणी कशाला?" मग माझ्यासाठी कप पुसत म्हणाला, "साडूबुवा, रागावू नका. तुम्ही दोन खोल्यांत मिळून एक पलंग टाकलाय. डोकं या खोलीत, पाय त्या खोलीत. मध्ये भिंत. माणूस कूस कशी बदलणार?"

मी म्हटलं, तुम्ही तुमच्या तारा बघा.

"बघतो. चहा?"

घेतला नाही.

मंगळवार, ११ जून

पलंग म्हणे! सर्व्हरमधलं याला काय कळतं? तारा ओढणारा माणूस.

बुधवार, १२ जून

त्याला पकडायला सापळा लावला. दर वॉर्डातून हत्तीच्या दारापर्यंत आणि दारापासून आत डेटाबेसपर्यंत, दोन्ही टप्प्यांवर घड्याळ बसवलंय. पडद्याच्या प्रश्नाचं पॅकेट कधी निघालं, दारात कधी आलं, आत कधी उघडलं. सगळं नोंदलं जाईल. उद्या सकाळच्या गर्दीत तार उघडी पडेल. बैठकीत आलेखच लावतो भिंतीवर. हसू दे मग.

गुरुवार, १३ जून

तार स्वच्छ आहे.

पुन्हा मोजलं. वॉर्डातून निघालेलं पॅकेट डोळ्याची पापणी लवायच्या आत हत्तीच्या दारात येतंय. प्रत्येक वेळी. ऐन गर्दीतही. आणि दारातच बसून राहतंय. आतून कुणी दार उघडायला येत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकतो, तरी ते बसलेलंच. मग एकदम सगळी दारं उघडतात.

जेवायला गेलो नाही.

शुक्रवार, १४ जून

सापडलं. लिहायला हात वळत नाही, पण या पानाशिवाय दुसरं आहे कोण!

हत्ती बाहेरून एक दिसतो. आतून तो दोन अर्धे आहेत. दोन प्रोसेसर, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याची स्वतःची निम्मी मेमरी. आपल्या बाजूची मेमरी हाताशी. पलीकडची हवी असेल तर मधला पूल ओलांडायचा. डेटाबेसला मी पाऊण हत्ती दिला. पाऊण कधी अर्ध्यात मावत नाही! म्हणजे त्याचं बिऱ्हाड दोन्हीकडे पसरलं. डोकं या खोलीत, पाय त्या खोलीत. गर्दी झाली की तो सारखा पुलावरून ये-जा करतो. शिवाय त्याला दोन्ही प्रोसेसर एकदम लागतात, म्हणून बाकीची बिऱ्हाडं खोळंबतात. ज्याने दार उघडायचं तोही त्या रांगेतच.

आणि एवढी जागा त्याला लागतच नाही. आज बघितलं. भूक वाटीभर, ताट परातीएवढं.

का दिली होती? आठवतंय. हत्ती आला त्या दिवशी साडू बैठकीत म्हणाला होता, "एवढी मेमरी घेतलीत, आता लोणचं घालणार का तिचं?" सगळे हसले. मी त्याच दुपारी पाऊण हत्ती डेटाबेसच्या नावावर केला आणि तक्ता छापून नोटीस बोर्डावर लावला. बघा, लागते की नाही मेमरी!

तो तक्ता अजून तिथे आहे.

शनिवार, १५ जून

दोन रस्ते.

एक — बाईंकडे जायचं. चूक माझी, चार कळा दाबून सुधारते. मग तळघर.

दुसरा — उद्या रविवार. बाह्यरुग्ण बंद, थिएटरं बंद. लॅबला सांगायचं, देखभाल आहे, थोडा वेळ कागदावर लिहा. डेटाबेस बंद करायचा, एका अर्ध्यात मावेल एवढा करायचा, पुन्हा चालू. सोमवारपासून सगळं सुरळीत. मग बैठकीत शांतपणे म्हणायचं, माझ्याकडे काही बदललेलं नाही. ज्याच्याकडे बदललं असेल त्याने सांगावं. साडू काय सांगणार? त्याच्याकडे काहीच नसेल. असा माणूस बैठकीत फार केविलवाणा दिसतो.

हा कोतेपणा आहे, हे मला कळतं. पण स्कूटरची गोष्टही कळत होती मला, दर वेळी.

रविवार, १६ जून

केस कापायला जातो सांगून निघालो. इस्पितळात चिटपाखरू नव्हतं. काम चोख झालं. डेटाबेस उठला, आपल्या खोलीत नीट झोपला, पाय पोटाशी घेऊन.

नोटीस बोर्डावरचा तक्ता काढला. चार टाचण्या खिशात टाकल्या.

घरी आल्यावर बायको डोक्याकडे बघत म्हणाली, "न्हावी बंद होता वाटतं." मग मला सांगावं लागलं, जरा कामाला गेलो होतो.

"ठाऊक आहे. तुम्ही जिना उतरत होतात तेव्हाच ताईला म्हटलं, लॅबचा फोन आला होता, कितीपासून कागदावर लिहायचं ते विचारायला. आमचे हे रविवारीसुद्धा सुटत नाहीत."

या दोघी बहिणींच्या मध्ये एकही स्विच नाही. इकडे शिंकलं की तिकडे रुमाल.

सोमवार, १७ जून

चाबूक! ऐन गर्दीत, सगळ्या वॉर्डांत, बोट लावलं की रिपोर्ट. लॅबच्या डॉक्टरीण बाईंनी मुद्दाम फोन केला. सर्जनने केला नाही. त्याच्यात तेवढं तरी कौतुक समजायचं.

दुपारी साडूचा फोन. "हत्ती आज हलका वाटतोय."

मी म्हटलं, तुमची तार सुधारली असेल.

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुमच्याकडे काही बदललं का?"

नाही.

"नक्की?"

नक्की म्हणजे नक्की. लिहून देऊ?

"नको नको. मग माझ्याकडेच बदललं असणार," तो म्हणाला. आणि हसला, नेहमीचं. मस्करी करतोय. करू दे. बुधवारी बघतो किती हसतो ते.

बुधवार, १९ जून

बैठक. घरून वाक्य पाठ करून गेलो होतो. बोलायची गरजच पडली नाही!

बाईंनी विचारलं, सोमवारपासून सगळं सुरळीत कसं झालं? मी तोंड उघडणार तोच साडू उभा राहिला. म्हणाला, "दोष माझा होता. मुख्य स्विच खराब झाला होता. रविवारी नवा लावला."

बाईंनी चष्मा काढला. "नवा स्विच कधीपासून पडून होता?"

"झाले बरेच दिवस."

"मग आधी का नाही लावलात?"

"खोकं उघडायचा कंटाळा."

एकटी मेट्रन हसली, तीही अर्धीच. बाईंच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. त्या म्हणाल्या, थिएटरमध्ये माणूस आडवा असताना तुम्हाला कंटाळा! तो मान खाली घालून उभा. मी टेबलाकडे बघत राहिलो. टेबलावर पाण्याचे पेले होते, त्यांवर झाकणं.

दोन मिनिटांत निकाल. विभाग माझा. साडू जुन्या इमारतीत.

मूर्ख! माझ्यासारखाच तोही रविवारी गुपचूप आला असणार, स्विच बदलला असणार, आणि त्याला वाटतंय त्यामुळेच बरं झालं. कावळा बसला आणि फांदी मोडली, तर कावळाच हात जोडून सांगतोय, माझी चूक! जुना स्विच धडधाकट होता. त्याला तेही कळलं नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचा फास. मी काहीच केलं नाही.

येताना मिठाई घेतली. बायकोने डबा उघडलाच नाही.

गुरुवार, २० जून

ताईचा फोन आला नाही. सकाळी नाही, दुपारीही नाही. बायको तीनदा फोन उचलून बघते, चालू आहे ना म्हणून. चालू आहे.

माझ्यावर कशाला डाफरते? "तुम्ही एक शब्द बोलला असतात बैठकीत." काय बोलायचं? माणूस स्वतः कबूल करतो, तिथे मी काय वकील आहे त्याचा? "आपल्या लग्नाला—" पुरे! म्हटलं, पुरे, ती स्कूटर आता भंगारात गेली.

मुलगी विचारते, शनिवारी काकांकडे जायचंय ना? पत्ते काढून ठेवलेत तिने.

शुक्रवार, २१ जून

साडू किल्ली द्यायला आला. एका पिशवीत त्याचं सगळं सामान. चटईची गुंडाळी काखेत. माझ्या दारातच उभा राहिला, आत आला नाही.

मला वाटलं आता बोलेल. ओरडेल तरी. मी तयार होतो. खरं तर मला हवंच होतं. इतक्या वर्षांत आम्ही एकदाही धड भांडलो नाही. त्याने सगळं हसण्यावारी नेलं आणि मी पोटात ठेवलं.

म्हणाला, "खोलीत पसारा आहे. सावकाश बघा. आधी एकटे बघा."

मी म्हटलं, मला माझ्या कामाची पद्धत आहे.

"आहे की," तो म्हणाला. "मला ठाऊक आहे तुमची पद्धत." किल्ली टेबलावर ठेवली. माझ्या हातात नाही दिली. मग दारातून मागे वळून — "पोरीला पाठवा शनिवारी. तुम्ही नका येऊ."

पहिल्यांदा! पहिल्यांदाच तो माझ्याशी न हसता बोलला. चला, जिंकलो म्हणायचं.

शनिवार, २२ जून

सकाळी कुणी यायच्या आत त्याची खोली उघडली. जुना स्विच जागेवरच आहे आणि चालू आहे. फुटक्या दिव्यावर तीच चिकटपट्टी. नवा स्विच खोक्यात. खोक्याची कंपनीची पट्टी शाबूत, तिच्यावरून चहाची वर्तुळं गेलेली. रविवारी त्याने काहीच बदललं नव्हतं.

स्कूटरची गोष्ट तो सगळ्यांना सांगत आला. ही कुणालाच सांगणार नाही.

मुलीला त्यांच्याकडे सोडलं. जिन्याखालूनच परतलो.